मासे पकडण्याचा हक्क आणि मासे असण्याचा हक्क

पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्यात सर्वाधिक उत्सुकतेने वाचला जाणारा आकडा म्हणजे उजनी धरणाची टक्केवारी. दौंडहून किती विसर्ग येतो आहे, धरण वजा साठ्यातून (कालव्याला सोडता येणाऱ्या पातळीच्या खालून) कधी बाहेर पडणार, कालव्याला पाणी कधी सुटणार, यावर माढ्यापासून मंगळवेढ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांचे वर्ष ठरते. या टक्केवारीत पिण्याचे पाणी धरलेले असते, उसाची आवर्तने धरलेली असतात, कारखाने आणि औद्योगिक वसाहतीही धरलेल्या असतात. याच पाण्यात जाळे टाकून पोट भरणारी भोई, कोळी आणि धरणग्रस्त कुटुंबे करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत तालुक्यांच्या काठांवर राहतात. त्यांच्या व्यवसायासाठी धरणात किमान किती पाणी राहिले पाहिजे, हे सांगणारा आकडा मात्र या हिशेबात दिसत नाही.

जगातील अनेक आदिवासी समाजांचा जमीन, संस्कृती आणि मासेमारी यांसाठीचा लढा याच रिकाम्या जागेभोवती चालू आहे. तो लढा आपल्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा पारंपरिक वेशातील मोर्चाच्या छायाचित्रातून, आणि त्यामुळे तो भावनेचा प्रश्न आहे असा समज होतो. प्रत्यक्षात तो फार काटेकोर कायदेशीर प्रश्न आहे. मासेमारीचा हक्क म्हटले की त्यात किमान चार वेगवेगळे प्रश्न येतात. विशिष्ट ठिकाणी जाऊन जाळे टाकता येईल का, एकूण माशांपैकी किती वाटा मिळेल, जाळ्याचा आस (छिद्रांचा आकार), बंदीचा काळ आणि बाहेरच्यांचा प्रवेश कोण ठरवणार, आणि ज्या पाण्यात मासा वाढतो त्या पाण्याचे काय करायचे याबद्दल मच्छीमाराला काही बोलता येईल का? पहिला हक्क मिळवणे तुलनेने सोपे असते. चौथा सर्वांत कठीण असतो, आणि तो नसेल तर आधीचे तीन कालांतराने पोकळ होतात, असे निरनिराळ्या देशांचा अनुभव सांगतो.

या चारही पायऱ्या एकाच समाजाच्या लढ्यात स्पष्ट दिसतात त्या अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात. १८५४ आणि १८५५ मध्ये तेथील गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी आदिवासी जमातींशी करार करून त्यांच्या बहुतेक जमिनी सरकारच्या नावे करून घेतल्या. जमातींनी जमीन सोडली, पण मासेमारी सोडली नाही: आपल्या नेहमीच्या आणि परंपरेच्या ठिकाणी, इतर नागरिकांच्या बरोबरीने मासे धरण्याचा हक्क त्यांनी करारात राखून ठेवला. हा हक्क सरकारने दिलेला नव्हता. तो आधीपासूनच त्यांचा होता आणि करारात त्यांनी तो स्वतःकडे ठेवला होता. पुढच्या सर्व न्यायालयीन लढाईचा पाया हाच आहे. सवलत देणारा ती परत घेऊ शकतो. स्वतःकडे राखलेल्या गोष्टीबाबत तसे म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डबाबंद माशांचे कारखाने आले, पुढे समुद्रातच सॅमन मासा मोठ्या प्रमाणावर पकडला जाऊ लागला, आणि अंडी घालायला नदीत परतणाऱ्या माशांची संख्या घटली. तेव्हा राज्य सरकारने संवर्धनाच्या नावाखाली नदीकाठच्या आदिवासींवरच बंदी घातली आणि त्यांना अटक करणे सुरू केले. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना १९४५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पहिल्यांदा अटक झाली आणि पुढे ही संख्या पन्नासच्या वर गेली. १९६० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदी मोडून उघडपणे जाळी टाकण्याचे सत्याग्रह केले. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की, ‘बरोबरीने’ याचा अर्थ पकडण्यायोग्य माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा जमातींचा आहे आणि मत्स्यसाठ्याचे व्यवस्थापन राज्य व जमाती यांनी मिळून करायचे आहे. गोऱ्या मच्छीमारांनी न्यायाधीशांचे पुतळे जाळले, राज्याने निकाल अमलात आणण्यास टाळाटाळ केली. तरीही १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यत्वे कायम केला.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण निम्मा वाटा कशाचा, हा प्रश्न उरलाच होता. नद्यांमधील मासेच कमी होत गेले तर निम्म्या वाट्याचे मोल सातबाऱ्यावर नाव असलेल्या, पण धरणाखाली बुडालेल्या जमिनीइतकेच. राज्याने रस्ते बांधताना ओढ्यांवर घातलेल्या नळमोऱ्या इतक्या अरुंद किंवा उंच होत्या की, अंडी घालण्यासाठी वर जाणारा सॅमन त्या पार करू शकत नव्हता. जमाती पुन्हा न्यायालयात गेल्या. मासे धरण्याच्या हक्कात मासे शिल्लक असणे अंतर्भूत आहे, म्हणून राज्याने या मोऱ्या दुरुस्त केल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची मते चार विरुद्ध चार अशी समान विभागली गेली आणि त्यामुळे जमातींच्या बाजूने लागलेला खालचा निकाल कायम राहिला. मासेमारीच्या हक्कातून बांधकाम खात्याच्या मोऱ्यांची दुरुस्ती निघावी, हे वरकरणी चमत्कारिक वाटते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची पायरी तीच आहे.

याच तर्काचे आणखी मोठे उदाहरण त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला, क्लॅमथ नदीवर घडले. तेथे वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या चार धरणांनी सॅमनची वरची वाट शंभर वर्षे अडवून ठेवली होती. २००२ मध्ये, शेतीसाठी पाणी वळवल्यानंतर नदी उथळ व कोमट झाली आणि खालच्या भागात हजारो सॅमन मरून काठाला लागले. युरोक, करूक आणि इतर जमातींनी त्या घटनेनंतर धरणे काढण्याची मागणी सोडली नाही. भागधारकांच्या सभांपासून नियामक आयोगापर्यंत सर्वत्र ती मागणी नेली. २०२३ आणि २०२४ मध्ये चारही धरणे पाडण्यात आली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच सॅमन वरच्या खोऱ्यात दिसू लागला. उघड्या पडलेल्या जलाशयाच्या तळावर पेरण्यासाठी स्थानिक गवतांचे व झाडांचे बी गोळा करण्याचे कामही युरोक लोकांनी केले. येथे सोलापूरच्या वाचकाच्या मनात शंका येईल ती रास्त आहे. क्लॅमथवरची ती धरणे प्रामुख्याने विजेसाठी होती, सिंचनासाठी नव्हती. उजनी पाडा असे कुणी म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही. नदीचे व्यवस्थापन ठरवताना मच्छीमार समाजाला पक्षकार मानले गेले, एवढाच मुद्दा तेथून घेण्यासारखा आहे.

कॅनडातील प्रकरण अधिक साधे, पण त्याचा परिणाम अधिक कडवट. मिगमॉ जमातीचे डोनाल्ड मार्शल यांनी १९९३ मध्ये नोव्हा स्कोशियात २१० किलो वांब (सापासारखा लांबट मासा) पकडून ७८७ डॉलर १० सेंटला विकली, आणि परवान्याशिवाय मासेमारी व विक्री केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. उजनीच्या काठावर वांब कुणाला समजावून सांगावी लागत नाही; तेथील वांब जातीने निराळी, पण व्यवहार हाच. १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १७६० व १७६१ च्या करारांच्या आधारे त्यांना निर्दोष ठरवले आणि माफक उपजीविकेपुरती मासेमारी हा जमातीचा हक्क असल्याचे मान्य केले. पण माफक म्हणजे किती, हे कुणीच नीट ठरवले नाही. २०२० मध्ये एका जमातीने स्वतःचे परवाने देऊन शेवंड्यांच्या (लॉबस्टरच्या) मासेमारीला सुरुवात केली, तेव्हा इतर मच्छीमारांशी संघर्ष उफाळला आणि पकडलेल्या शेवंड्या ठेवण्याची एक इमारत जाळण्यात आली. हक्क मोघम ठेवला की सरकारवर ताण येत नाही, तो एकाच काठावरच्या दोन गरीब गटांवर येतो.

न्यूझीलंडने मोघमपणा टाळण्यासाठी दुसऱ्या टोकाचा मार्ग धरला. १८४० च्या वैतांगी कराराच्या इंग्रजी मसुद्यात तेथील मूळ रहिवासी माओरींच्या ताब्यातील मत्स्यक्षेत्रांचे संरक्षण मान्य केलेले होते, तरी १९८६ मध्ये सरकारने समुद्रातील माशांचे हक्क कोट्याच्या रूपाने व्यावसायिक कंपन्यांना वाटण्यास सुरुवात केली. माओरींनी न्यायालयातून त्याला स्थगिती मिळवली. १९९२ च्या तडजोडीत सरकारने १५ कोटी न्यूझीलंड डॉलर दिले, त्यातून माओरींनी सीलॉर्ड या मोठ्या मासळी कंपनीचा निम्मा वाटा घेतला, आणि यापुढे कोटा पद्धतीत येणाऱ्या प्रत्येक नव्या जातीच्या कोट्यातील २० टक्के वाटा त्यांचा ठरला. व्यावसायिक वाट्याच्या दृष्टीने ही जगातील सर्वांत भरीव तडजोडींपैकी एक आहे. तिच्यावर टीका होते ती आतून. कोटा जमातीच्या संस्थेकडे जातो, संस्था तो अनेकदा भाड्याने देते, आणि लहान होडी घेऊन समुद्रात जाणारा माओरी मच्छीमार बाजूला पडतो, असे अनेक माओरीच म्हणतात. आपल्याकडील सहकारी संस्थांचा अनुभव असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मात्र त्याच कायद्यांनी माओरींच्या आणखी एका प्रथेला जागा दिली. एखाद्या किनाऱ्यावर माणूस बुडाला किंवा शिंपले विरळ झाले, तर ज्येष्ठ मंडळी त्या जागेवर काही काळ बंदी जाहीर करतात. तिला राहुई म्हणतात. अशा बंदीला आता सरकारी आदेशाचे पाठबळ मिळू शकते. संस्कृतीचे रक्षण आणि माशांचे रक्षण ही दोन वेगळी कामे नाहीत, हे यात दिसते. शोक, धर्म आणि मत्स्यसाठ्याची विश्रांती येथे एकाच नियमात आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरील योलंगू लोकांनी तर संस्कृतीलाच पुरावा बनवले. १९९६ मध्ये त्यांच्या एका पवित्र जागी बेकायदा मासेमारीचा तळ आणि तेथे टाकलेले मगरीचे कापलेले मुंडके सापडले. त्यांच्या श्रद्धेत मगर ही पूर्वज आहे. यावर ४७ चित्रकारांनी झाडांच्या सालींवर ८० चित्रे काढली आणि कोणत्या कुळाचा कोणत्या पाण्याशी काय संबंध आहे, हे त्यांत नोंदवले. ही चित्रे प्रदर्शनातून देशभर फिरली आणि योलंगूंच्या दाव्याचा भक्कम आधार ठरली. २००८ मध्ये तेथील उच्चतम न्यायालयाने आदिवासी जमिनीलगतच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाण्यात कुणाला येऊ द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार पारंपरिक मालकांचा असल्याचे मान्य केले. तेथील नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताच्या किनाऱ्याचा सुमारे ८० टक्के भाग या निकालाच्या कक्षेत येतो. अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या देशांच्या न्यायालयांची ही उदाहरणे वाचून त्या सरकारांविषयी फार आदर वाटू लागला असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, तेव्हा विरोधात मत देणारे चार देश नेमके हेच होते. नंतर त्यांनी भूमिका बदलली. भारताने बाजूने मत दिले, पण स्वातंत्र्याच्या वेळी येथे असलेले सर्वच लोक मूळचे आहेत, अशी आपली भूमिका सांगून.

या भूमिकेमुळे भारतात हा प्रश्न करारांच्या भाषेत मांडता येत नाही. आपल्याकडे तो मांडण्याचा मुख्य मार्ग म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. हा कायदा बहुतेकांना ठाऊक आहे तो वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी. पण त्याच्या कलम ३ मध्ये सामुदायिक हक्कांच्या यादीत पाणवठ्यांतील मासे व इतर उत्पन्न, चराई, आणि भटक्या व पशुपालक समाजांचा पारंपरिक वापर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याहून मोलाचा आहे तो सामुदायिक वनसंपत्तीचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, कारण तो वर सांगितलेल्या चारपैकी तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. त्यामागची शिस्त तेवढी पोहोचली नाही. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो.

हक्काबरोबर निर्णयाचा अधिकार ग्रामसभेकडे आला की काय होते, हे ओडिशातील नियमगिरीने दाखवले. तेथील डोंगरातून बॉक्साइट काढण्याला डोंगरिया कोंध लोकांचा विरोध होता, कारण तो डोंगर त्यांच्या नियमराजा या देवाचे स्थान आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांवर परिणाम होतो का, याचा विचार ग्रामसभांनी करावा असे सांगितले. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ठिकाणी खाणीला नकार मिळाला.

पण उजनीच्या सर्वांत जवळचे उदाहरण मध्य प्रदेशात आहे, आणि ते यशाचे म्हणून सांगितले जाते तितकेच अपयशाचेही आहे. होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात तवा नदीवर १९७० च्या दशकात धरण झाले आणि गोंड व कोरकू आदिवासींची ४४ गावे विस्थापित झाली. ज्या पाण्याने जमिनी गिळल्या त्या पाण्यातील मासे धरण्याची परवानगीही त्यांना नव्हती. जलाशय आधी सरकारी महामंडळाकडे आणि नंतर ठेकेदाराकडे होता, आणि गावकरी जाळे टाकताना सापडले तर चोर ठरत. किसान आदिवासी संघटनेच्या नेतृत्वाखाली दीर्घ आंदोलन झाले. संघटनेचे म्हणणे असे होते: आमची जमीन या पाण्याखाली आहे, म्हणून या पाण्यावर पहिला हक्क आमचा. १९९६ मध्ये सरकारने विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला जलाशय पाच वर्षांसाठी दिला.

संघाने गावोगावच्या प्राथमिक संस्था बांधल्या, मत्स्यबीज सोडले, पावसाळ्यातील प्रजननकाळात मासेमारी बंद ठेवली, चोरट्या मासेमारीवर स्वतः पहारा बसवला आणि मासळी बर्फात भरून दूरच्या बाजारांत पाठवली. ठेकेदाराच्या काळापेक्षा उत्पादन कित्येक पट वाढले, मच्छीमाराला मिळणारा दर वाढला, आणि बंदीच्या महिन्यांसाठी त्याच्याकडे थोडी शिल्लक राहू लागली. २००१ मध्ये ठेक्याचे नूतनीकरण झाले. २००६ च्या अखेरीस ते झाले नाही, कारण जलाशयाचा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येत होता आणि अभयारण्याचे नियम पुढे करण्यात आले. दहा वर्षे उत्तम काम करूनही संघाच्या हातात काय होते? ठेका. हक्क नव्हता. ठेक्याची मुदत संपते, आणि मुदत संपल्यावर कामगिरी कितीही चांगली असली तरी ती विनंतीअर्जात जोडायचे कागद एवढीच उरते.

संवर्धनाच्या नावाने लोकांना बाजूला सारण्याचा अनुभव सोलापूरकरांना नवा नाही. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व नगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात शेतजमिनी, गावे, रस्ते, शहरे सगळेच आले. पुढे अनेक वर्षांनी हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यानच्या काळात जमिनीचे व्यवहार आणि विकासकामे अडली, लोकांचा रोष पक्ष्यावर निघाला, आणि माळढोक जवळपास दिसेनासा झाला. माळरान चरून राखणाऱ्या धनगरांना सुरुवातीलाच भागीदार करून घेतले असते तर पक्षी वाचला असताच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण त्यांना शत्रू करून तो वाचला नाही, एवढे खरे.

आता उजनीकडे वळू. येथे वरचे कायदे सरळ लागू होत नाहीत, हे आधी मान्य करायला हवे. सोलापूर जिल्ह्याचा कोणताही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात नाही, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना लहान जलसाठ्यांवर अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा येथे चालत नाही. जलाशयाखालची जमीन प्रामुख्याने शेतकऱ्यांकडून संपादित केलेली आहे, वनजमीन नव्हे, म्हणून वनहक्क कायद्याचाही आधार मिळत नाही. शिवाय मासेमारी करणारे लोक एकाच सामाजिक वर्गात मोडत नाहीत. भोई समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे, महादेव कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, इतर कोळी अन्य प्रवर्गात आहेत, आणि दाखल्यांवरून वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. पंढरपुरात चंद्रभागेत होड्या चालवणारे कोळी वारीच्या परंपरेचा भाग आहेत, हे सगळे जाणतात. त्या परंपरेमुळे नदीच्या पाण्याबद्दल त्यांना काही विचारले जावे, असे मात्र कोणत्याही नियमात नाही.

तेव्हा उजनीवर मच्छीमाराकडे काय असते, तर परवाना. महाराष्ट्रात जलाशयांतील मासेमारी सर्वसाधारणपणे नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा निविदेतून ठेकेदारांना ठरावीक मुदतीने दिली जाते, अथवा परवाने देऊन खुली ठेवली जाते. पद्धत कोणतीही असली तरी मालकी सरकारची आणि मच्छीमाराची परवानगी, हे नाते बदलत नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे वीजदर, कर्ज, विमा अशा बाबतींत काही सवलतींची वाट मोकळी झाली. ही चांगली गोष्ट आहे, पण तिचा संबंध उत्पादनाशी आहे, हक्काशी नाही.

याचा परिणाम पाण्यातच दिसतो. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात येणाऱ्या मासळीत चिलापीचे प्रमाण मोठे असते. ही बाहेरून आलेली, स्वतःहून झपाट्याने वाढणारी जात आहे. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज वेळोवेळी सोडावे लागते. मरळ, वांब, शिंगटा अशा नदीच्या जुन्या माशांबद्दल जाणती मंडळी आठवणीच्या सुरात बोलतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येथे येते, जलपर्णी वाढते, उन्हाळ्यात पाणी हिरवे होते. बारीक आसाची जाळी टाकून बोटुकली (माशांची लहान पिल्ले) ओढून नेणारे येतात, आणि त्यांना अडवण्याचा अधिकार काठावरच्या संस्थेला पुरेसा नसतो. ती फार तर तक्रार करू शकते. उद्याचा मासा आपल्यालाच मिळेल याची खात्री नसेल, तर आज लहान मासा सोडून देण्याचे कारण उरत नाही. मच्छीमार अडाणी आहेत म्हणून बोटुकली मारली जाते, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. मुदतीच्या परवान्यावर जगणारा कुणीही असाच हिशेब करील.

आणि चौथा प्रश्न, पाण्याचा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा आहे. कागदावर हा साठा कालव्यांसाठी नाही. प्रत्यक्षात टंचाईच्या वर्षी धरण वजा साठ्यात खोलवर जाते, पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे निघतात. मच्छीमाराच्या दृष्टीने मृतसाठा हाच जिवंत साठा असतो, कारण उन्हाळ्यात अंडी घालण्याजोगा मोठा मासा तेवढ्याच पाण्यात तग धरतो आणि पाऊस पडल्यावर पुढची पिढी त्याच्यापासून होते. पाण्याचे नियोजन करणाऱ्या कालवा सल्लागार समितीची चर्चा पिण्याचे पाणी, शेतीची आवर्तने आणि उद्योग यांच्याभोवती फिरते. त्या टेबलाभोवती मच्छीमारांच्या संस्थांना जागा द्यायला कोणत्याही मोठ्या कायदेबदलाची गरज नाही.

धरणग्रस्तांच्या बाबतीत तर तत्त्व आधीच मान्य झालेले आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी देताना ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना प्राधान्य द्यावे, ही भूमिका शासनाची आहे. त्याच जमिनीवर पाणी असेल तेव्हा त्यातील माशांबाबतही तोच न्याय लावावा, ही मागणी तवाच्या आदिवासींनी केली होती. उजनीवर ती तितक्याच नेटाने मांडता येते, आणि ती मांडण्यासाठी कुणाचा जातीचा दाखला तपासावा लागत नाही. स्थानिकांना प्राधान्य म्हणजे परप्रांतीय मजुरांना हुसकावणे, असा अर्थ मात्र काढला जाऊ नये. नोव्हा स्कोशियात काय झाले ते वर आलेच आहे. दुसऱ्याच्या जाळ्यावर रोजाने राबणारा मजूर आणि काठावरचा परवानाधारक, दोघांच्याही दराचा निर्णय आडतीवर होतो.

सोलापुरात आजच वापरता येण्याजोगा एक कायदा आहे, आणि तो फारसा वापरला जात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. तीत गावाच्या हद्दीतील जीवजातींबरोबर त्यांच्याविषयीचे स्थानिक ज्ञानही नोंदवले जाते. व्यापारासाठी जैवसंपत्ती गोळा करणाऱ्यांवर शुल्क आकारण्याची तरतूदही या कायद्यात आहे. नोंदवहीने मालकी मिळत नाही, हे खरे. पण कोणता मासा कोणत्या डोहात अंडी घालतो, कोणती खाडी पूर्वी बंद ठेवली जात असे, कोणत्या वर्षी कोणती जात दिसेनाशी झाली, हे भोई-कोळ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेले कागद पुढे न्यायालयात किंवा समितीपुढे दाव्याला आधार देतात. योलंगूंची चित्रे याच जातीचा पुरावा होती. अनेक ठिकाणी ही नोंदवही बाहेरच्या संस्थेकडून ठेकापद्धतीने, घाईघाईने भरून घेतली जाते आणि माशांच्या पानावर पुस्तकातील चार नावे लिहून ते काम उरकले जाते. ती नोंदवही ग्रामपंचायतीकडे मागून पाहता येते, आणि तीत भर घालावी किंवा दुरुस्ती करावी, असा अर्ज कोणतीही मच्छीमार संस्था ग्रामसभेपुढे ठेवू शकते.